बुडालेल्या किल्ल्याची धून

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तो कागदांचा गठ्ठा काखेत मारून शाळेच्या व्यायामशाळेत पोहोचला. एरवी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस; पण आज तीसेक हौशी वादक त्याची वाट बघत होते, आणि पुढच्या रविवारच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर रचनाकार म्हणून त्याचं नाव छापून आलं होतं. सकाळपासून त्याने ते चारदा वाचलं होतं.

रचना त्याची नव्हती. हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक गेल्या वर्षी वारली होती.

लहानपणी घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यातल्या बुडालेल्या किल्ल्यात एक धून वाजायची, तीनच आवाजांची, कारण त्या डब्याला एका वेळी तेवढेच आवाज काढता यायचे. खेळायची ताई. सहा-सात वर्षांच्या या धाकट्याच्या वाट्याला नुसतं बघणं. तुझा नंबर आला की देते, असं ती म्हणायची आणि नंबर काही यायचा नाही. ती जेवायला उठली तरी खेळ चालूच राही आणि धून फिरून फिरून पहिल्यापासून सुरू होई. अशा धुनांना शेवट नसतो. किल्ला पार केला तर त्या थांबतात, नाहीतर खेळणारा मेला तर.

मोठेपणी अंथरुणाला खिळल्यावर ताईने त्या तीन आवाजांतून अख्ख्या वाद्यवृंदाचे भाग लिहून काढले. अकरा महिने. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. जुन्या खेळांच्या गाण्यांवर असा जीव टाकणारी वेडी माणसं जगभर असतात, त्यातलीच ती. फक्त शेवट राहिला होता. "शेवट मी करणार," तिने बजावलं होतं, "तू हात लावू नकोस."

ती गेल्यावर महिन्याभरात त्याने आठ मात्रांचा शेवट चिकटवला आणि वर आपलं नाव घातलं. मेलेल्या माणसाला नाव काय करायचंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर समजूत घालायची फारशी गरजही पडली नाही.

कागद वाटून झाले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून कुणीतरी पडदे ओढले. व्हायोलिनच्या गजांना लावलेल्या राळेचा आणि रबरी चटयांचा वास कोंडून राहिला. वाद्यवृंद चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी काडी उचलली, आणि तो मागच्या रांगेत एकटाच जाऊन बसला.

धून इतकी सुंदर वाजली की त्याला रागच आला, ताईचा. मग त्याने लिहिलेल्या शेवटाची वेळ आली... आणि तो आलाच नाही. चेलोंनी श्वासही न घेता पुन्हा पहिली ओळ धरली.

काहीतरी चुकलं असेल, त्याला वाटलं. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या फेरीत हवेत तापलेल्या प्लास्टिकचा वास पसरला, तासन्‌तास चालू राहिलेल्या खेळाच्या डब्याला यायचा तसा. तो पुढे गेला. डॉक्टरांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी कधीच थांबवलंय," ते ओठही न हलवता म्हणाले. "हे थांबत नाहीयेत..."

वादक एकमेकांकडे बघत नव्हते. फ्लूट वाजवणाऱ्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटं चुकत नव्हती. माणसाएवढ्या डबल बासवरचे आजोबा, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला थकला माणूस, राखेसारखे पांढरे पडले होते.

काय करायला हवं ते त्याला कळलं होतं. एक नाव घ्यायचं होतं, बस. पण पुढच्या रविवारी दुकानाचे मालक येणार होते, शेजारी येणार होते. चार लोकांत नाक कापून घ्यायचं? या फेरीला थांबेल, असं म्हणत त्याने चौथी फेरी जाऊ दिली. पाचवी जाऊ दिली. मग आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बाळा... आता नाही होत रे."

तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. ताईची आहे ही, माझी नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच क्षणी डबल बास कोसळला. त्याच्यावर आजोबा.

रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं. पहिल्याच फेरीत, अगदी शेवटच्या ओळीला ते पडले, असं सगळ्यांनी सांगितलं. काडी धरणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा. धून आपल्या बोलण्याने थांबली की आजोबांच्या जाण्याने, हे त्याला ठरवता येईना. पण उशिरा का होईना, आपण बोललो होतो. त्या एका गोष्टीच्या आधारावर तो जेवत होता, झोपत होता. पत्रक मात्र त्याने बदललं नाही. कुणी ऐकलंच नव्हतं. मग पुन्हा सांगायची घाई काय?

बुधवारी फ्लूटवाल्या बाई दुकानात आल्या. तालमीच्या वेळी त्या मागच्या खुर्चीवर फोन ठेवून सगळं रेकॉर्ड करत असत. रविवारचं ऐकवते, म्हणाल्या.

धून एकदाच वाजली. मग बास कोसळल्याचा आवाज, खुर्च्या सरकल्या, किंकाळ्या. आणि फोनच्या अगदी जवळ, स्वच्छ, त्याचा आवाज: "माझी आहे."

मग शांतता. कुणी उत्तराची वाट बघत थांबावं तेवढी.

"माझीच आहे..."

पुन्हा तेवढीच शांतता. तिसऱ्यांदाचं पुरतं ऐकण्याआधीच त्याने फोन परत केला. बाई जरा घुटमळल्या.

"पहिल्या दोन वेळा तुम्ही आहात, ते ओळखलं मी," त्या हळूच म्हणाल्या. "पण शेवटी म्हणतो तो मुलगा कुणाचा हो? सहा-सात वर्षांचा असेल... आणि इतका घाबरलाय कुणाला?"