कडी काढ रे

मोबाइल ठेवा खाली. आणि धाकटे, तू आत जाऊन झोप... नाही? मग बस. पण रात्री आईला उठवायचं नाही.

माझा साडू टेम्पो चालवतो. भाडं सांगताना तो दहा वेळा खोटं बोलेल, पण हे सांगताना त्याचा चहा तसाच निवून गेला. गेल्या वर्षी, फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. एक पुतळा पोचवायचा होता. ब्राँझचा, ताडपत्रीत गुंडाळून दोरखंडांनी आवळलेला. रविवारी चौकात अनावरण.

पुतळा होता एका लोहाराचा. गोऱ्यांनी लोकांची हत्यारं काढून घेतली, तेव्हा यानं नांगराचे फाळ तापवून भाले घडवले. माणसं जमवली, चौक्या जाळल्या, तुरुंग फोडला. दोन वर्षं सरकारच्या नाकी नऊ आणले. मग मांडीत गोळी लागली. रात्री रखडत स्वतःच्या गल्लीत आला. एकेक दार ठोठावलं. त्या दारांच्या कड्यासुद्धा त्यानंच घडवलेल्या. पण एकानंही काढली नाही. पहाटे शिपायांनी त्याला गटारापाशी धरलं आणि चौकात फासावर दिलं. खांदा द्यायलाही कुणी आलं नाही.

त्याच गल्लीच्या तोंडाशी साडूनं टेम्पो लावला. क्रेन सकाळी येणार होती. काचा वर करून तो केबिनमध्येच आडवा झाला.

मध्यरात्र उलटली असेल. ठक ठक.

गल्लीच्या पार आतल्या टोकाचं दार. साडूला वाटलं, कुणीतरी उशिरा घरी आलाय.

"कडी काढ रे... मी आहे."

आत दिवा लागला. साडूनं पाहिलं, खिडकीत सावली आली. दाराबाहेर मात्र कुणी नव्हतं.

दिवा विझला.

दुसरं दार. ठक ठक. "वहिनी... मी आहे."

तिथलाही दिवा विझला.

तिसरं. चौथं. माणसं जागी होती हो! कुणीतरी रडणाऱ्या पोराचं तोंड दाबलं, तेही साडूला ऐकू आलं. आणि मध्येच पाय ओढल्याचा आवाज... जवळ येणारा.

मग गल्ली संपली.

शांत.

ठक ठक. केबिनच्या दारावर.

"दादा... घोटभर पाणी..."

पाण्याची बाटली साडूच्या मांडीवर होती. हात हँडलवर गेला...

आणि त्यानं लॉक दाबलं.

बाहेर कुणीतरी हसलं. रागानं नाही. सवय झाल्यासारखं.

सकाळी नळावर साडूनं विचारलं, "रात्री काही ऐकलंत?" एक बाई म्हणाली, "कुत्रं असेल." बाकीच्यांनी बादल्या उचलल्या. मग अनावरणाला साहेब आले, मंडप भरला. साहेब गहिवरून म्हणाले, "या गल्लीनं आपल्या वीराला काळजात जपलं!" काय टाळ्या पडल्या म्हणता! सगळ्यांत जोरात त्याच गल्लीतल्या.

पण त्याआधी, क्रेन लावताना, साडूनंच दोरखंड सोडले होते. एकही गाठ सैल नव्हती. ताडपत्री उतरवली आणि तो पुतळ्याच्या हातावर वाकला.

पुतळ्याच्या उजव्या हाताची पेरं घासली होती. खाचांत रंगाचे पापुद्रे अडकलेले. हिरवा. निळा. तपकिरी. एकेका दाराचा.

आणि सगळ्यांत वर, पिवळा.

साडूचा टेम्पो पिवळा आहे.