परबांकडे राहिलेली कढई

ते २०१६ साल. गणपती नुकतेच गेले होते. मी तेव्हा बासष्ट वर्षांची, विधवा, नाहूरला मुलाकडे राहणारी.

मुलुंडच्या मंडईत सुंदराबाईच्या टोपल्यांपाशी एक उंच गृहस्थ ब्रोकोली धरून उभे होते, दुसऱ्याचं बाळ धरावं तशी.

"अहो," ते माझ्याकडे वळले, "ह्याचं देठ टाकायचं की खायचं?"

मंडईत मला सगळे मावशी म्हणत, नाहीतर आजी. हे नुसतंच 'अहो' म्हणाले... मी उगाच पदर सारखा केला.

"सोलून खायचं. करताय काय?"

"स्टर-फ्राय. मोठ्या आचेवर भराभर परतायचं, की झालं. मोबाइलवर बघितलंय."

"मग मोबाइललाच विचारा ना."

"तो हसत नाही हो."

त्यानंतर दर गुरुवारी ते तिथे भेटू लागले. सीताराम परब. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी अक्षता लग्न होऊन बोरिवलीला. एका गुरुवारी ते म्हणाले, "शनिवारी लेक-जावई जेवायला येतायत. तुम्ही याल? जरा... लवकर या."

त्या 'जरा लवकर'नं माझा पुरता गोंधळ केला. मला लवकर बोलावणाऱ्यांना आजवर मोदक वळून हवे असत, नाहीतर कोलंबी सोलून. घरीसुद्धा सुशांत दुपारी फोन करायचा, "आई, रात्री चौघं येतायत गं," की मी लागले कामाला. ह्या माणसाला मी हवी होते, की माझे हात? हातच हवे असतील तर शनिवारचं जेवण करून द्यायचं आणि गुरुवारची मंडई सोडायची, असं मी ठरवलं.

तरी निघताना पिशवीत लोखंडी कढई घेतली आणि नेसले मात्र मोतिया रंगाची चांगली साडी. काय समजून चालले होते, माझं मलाच कळत नव्हतं.

परबांनी दार उघडलं, पिशवीत डोकावले. "हे काय?"

"कढई. तुमच्याकडची पातळ असेल."

"अहो, स्वयंपाक मी करतोय."

ओट्यावर गाजर, फरसबी, सिमला मिरची, ब्रोकोली—सगळं चिरून वेगवेगळ्या वाट्यांत तयार होतं. तुकडे वाकडेतिकडे. स्वयंपाकघराच्या दारात एक खुर्ची मांडलेली.

"बसा."

मला बसता येईना. चुलीपाशी रिकाम्या हातांनी मी कधी बसलेच नव्हते.

"मग लवकर कशाला बोलावलंत?"

माझ्याच कढईत तेल ओतत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अक्षता आली की तीच बोलत सुटते. मला तुमच्याशी..."

पुढचं राहिलं. भाज्या चुरचुरल्या, त्यांनी सोया सॉस घातला आणि सवयीनं, कोबीला ठेवावं तसं, वर झाकण ठेवलं.

"झाकण काढा, वाट लागेल भाजीची," मी ओरडले.

उशीर झाला होता. भाजीला पाणी सुटलेलं. परब त्या मऊ पडलेल्या ब्रोकोलीकडे बघत राहिले.

"ह्या घरात माझ्यावर ओरडणारं कुणी राहिलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "रोज याल... ओरडायला?"

तेवढ्यात बेल वाजली. अक्षता आणि जावई आत आले. तिनं खुर्ची पाहिली, माझी साडी पाहिली.

"बाबा, विचारलंत?"

"विचारलं. उत्तर यायचंय."

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी चमच्यानं रस चाखला.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले, "पण... येईन."

जाताना कढई तिथेच राहिली. विसरले की ठेवली, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सुंदराबाई गावी गेली, तिच्या टोपल्या आता सून सांभाळते. अक्षता पुण्याला असते, मला वनामावशी म्हणते. सुशांत वर्षभर बोलला नाही. आता रविवारी येतो आणि न सांगता गाजरं चिरायला घेतो. परबांचे गुडघे गेलेत, पण शनिवारचा स्वयंपाक त्यांचाच. अजूनही झाकण ठेवतात. मी खुर्चीतून ओरडते.