हातमोज्यातला घाम

तिने हात पुढे केला आणि त्याने त्या हातात स्टूल दिलं.

आता पहिल्या भेटीत कुणी असं करतं का? ती बिचारी दारात उभी, "मी वरच्या मजल्यावरची भट्टीवाली," असं म्हणत छान हसून हात मिळवायला आलेली – आणि हा गडी स्टूल देऊन मोकळा!

"बसा ना..." तो पुटपुटला.

"बसते की. पण आधी खाली तरी ठेवू द्या!" ती म्हणाली, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

कारण सांगायला बरं वाटत नाही, पण त्यावाचून गोष्ट पुढे सरकायची नाही. त्याच्या तळहातांना घाम यायचा. थोडाथोडका नव्हे, पेन निसटावं इतका! शाळेत हात धरून गोल करायचा म्हटलं की त्याच्या शेजारी कुणी उभं राहत नसे. "तुझ्याशी हात मिळवायचा तर सोबत टॉवेल हवा," असं ताई चिडवायची. तोही हसायचा, आणि मग न्हाणीघरात जाऊन साबणाने हात घासत बसायचा. प्रयोगशाळेत नमुने लेसरखाली तपासायची नोकरी त्याला म्हणूनच मानवली होती. खोलीत एकट्याने बसायचं, कुणाचा हात धरायचा प्रश्नच नाही.

पण ती रोज येऊ लागली. तापलेल्या भट्टीत, पारदर्शक नळीच्या आत, एका चकतीवर एकाच थराचा, म्हणजे जेमतेम तीन अणू जाडीचा सेमीकंडक्टरचा पापुद्रा वाढवायचा, हे तिचं काम. पापुद्रा यायचा, पण साध्या डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा सुट्या सुट्या त्रिकोणांचा. "चिप बनवायला अख्खी चादर लागते हो, आणि मला मिळतात चिंध्या," ती कुरकुरायची. त्या चिंध्या किती थरांच्या आहेत, हे तो लेसर टाकून सांगायचा. काम दहा मिनिटांचं, पण दोघं मिळून ते तासभर पुरवायचे.

"आज काय म्हणतोय तुमचा लेसर?"

"एकच थर आहे म्हणतोय."

"आणि लेसरवाले काय म्हणतात?"

"लेसरवाले... काही म्हणत नाहीत."

"तेच तर दुखणं आहे ना!" असं म्हणून ती डोळे मिचकावायची, आणि त्याचे हात टेबलाखाली नुसते पाझरायचे.

एक दिवस तिची मदतनीस आली नाही. वायूच्या झडपेपाशी तिला स्वतःलाच थांबावं लागणार होतं. "लेसरवाले, एवढी मॉलिब्डेनमची पावडर होडीत भरून द्या ना!" होडी म्हणजे चिनी मातीची बोटभर पन्हळ; ती भट्टीत सरकवली की तिच्यातल्या पावडरीची वाफ होऊन चकतीवर पापुद्रा धरतो. त्याने हातमोजे चढवले. ती इतक्या जवळ उभी, केसांची बट गालावर आलेली... मोज्यात घामाचं तळं साचलं आणि होडी निसटायला लागली. उघडा हात कशालाच लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. ती पाठमोरी होती. त्याने गुपचूप मोजा काढला, ओल्या बोटांनी पावडर दाबून बसवली आणि मोजा पुन्हा चढवला.

दुसऱ्या दिवशी ती जिना उतरून धावतच आली. "चकतीभर आलाय! अख्खा! कुठे फट म्हणून नाही! काय हातगुण आहे रे तुझा!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिलाही कळलं नाही. त्याने मात्र हात खिशात घातले. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत एवढं कौतुक असताना कुठल्या तोंडाने सांगायचं?

पुढे पुन्हा चिंध्याच. तिने पावडर बदलली, नळी बदलली, पावडरीसोबत भट्टीत तापणारं गंधक मागेपुढे करून पाहिलं. छे! तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. शेवटी भर बैठकीत विभागप्रमुख बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तो नमुना नक्की तुझ्याच भट्टीतला होता ना गं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, मी... मी खोटं नाही बोलत हो."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घामातल्या मिठाने ती पावडर सहज उडते आणि पापुद्रा पसरतो, हे त्याला एव्हाना शोधनिबंध चाळून कळून चुकलं होतं. कळूनही तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता – निव्वळ लाजेपायी!

तो उठला. "बाई, ती खरं बोलतेय. होडी मी भरली होती... मोजा काढून."

"काढून? का?"

"माझ्या हातांना घाम येतो. खूप." त्याने दोन्ही तळहात सगळ्यांसमोर टेबलावर उताणे ठेवले. ते चमकत होते. "त्यातलं मीठ पावडरीत गेलं असणार." मागे कुणीतरी खुदकन हसलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

ती हसली नाही. "माझंच डोकं फिरलंय असं वाटत होतं मला," ती हळू म्हणाली. "आणि तू रोज समोर बसून बघत होतास?"

"तू हसशील असं वाटलं..."

"हसले असते तर काय मेला असतास का रे?" ती उठून निघून गेली. त्यापेक्षा ती हसली असती तर परवडलं असतं.

नंतर नमुने मदतनीस आणून द्यायची. तो मुकाट्याने तपासायचा. दहा मिनिटांचं काम दहाच मिनिटांत व्हायचं, आणि उरलेला दिवस अंगावर यायचा.

एका संध्याकाळी तो खोलीला कुलूप लावत होता, तर मागून आवाज आला. "मीठ तोलून घातलं. दर वेळी चकतीभर येतोय. बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली."

"वा..." त्याने वळून पाहिलं. "म्हणजे आता माझ्या हाताची गरज नाही."

"भट्टीला नाही."

त्याने किल्ली खिशात टाकली. मग चाचरत म्हणाला, "राग... गेला?"

"छे! अजून आठवडाभर सहज पुरेल. पण एकटीनेच रागवून घरी जायचा कंटाळा आलाय." तिने हात पुढे केला. "चल, रस्ताभर भांडू."

सवयीने त्याचा तळहात पँटीवर घासायला गेला.

"पुसू नकोस," ती म्हणाली, आणि तो तसाच, ओलाकच्च, घट्ट धरला.