मुगाएवढी कातडी

मे महिन्यात जयपुरात भर दुपारी घराबाहेर पडणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याच्या घरी कुणी आजारी असतं. चित्रा या दोन्हींत बसत नव्हती. ती निघाली होती पेशींना खाऊ घालायला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, संगमरवर कापणाऱ्या एका शेडच्या वरच्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा होती. रविवार असो की सण, एक दिवसाआड डब्यांतलं गुलाबी पाणी बदलावंच लागतं, नाही तर पेशी उपाशी मरतात.

तिचं काम काय, तर जिवंत कातडी छापायची. हो, छापायची. भाजलेल्या माणसाला लावायला. यंत्र असतं, त्याला सुई असते आणि सुईतून शाई येते. ही शाई म्हणजे समुद्री शेवाळ आणि जिलेटिनची पारदर्शक खळ, आणि त्या खळीत कालवलेल्या माणसाच्या जिवंत पेशी. ऐकायला किती सोपं! खळ पातळ झाली की पसरते, घट्ट झाली की सुईतून निघताना पेशी चिरडतात. दोन वर्षं चित्राने खळी केल्या आणि दोन वर्षं पेशी मेल्या. तिचे सर, डॉ. उमाकांत, आधी धीर द्यायचे. मग नुसते बघायचे. शेवटी शेवटी बघायचेही नाहीत.

नव्या माणसाच्या पेशी घ्यायच्या तर नीतिमत्ता समितीची परवानगी हवी, आणि समितीचं आज नाही उद्या चाललेलं. मग चित्राने काय केलं? घरच्या जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या धाकट्या बहिणीचा दंड पुसला आणि बारीक गोल पात्याने तुकडा काढला.

अनुया तिची एकुलती एक बहीण. आईवडील गेले तेव्हा शाळेत होती. सांगलीहून चित्राने तिला आपल्यामागे इकडे आणलं, शिकवलं, आणि आता ती चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या, एका जवाहिऱ्याकडे दागिन्यांची चित्रं काढत होती.

"दुखेल का गं?"

"मुंगी चावल्यासारखं. मुगाएवढी घेणार आहे."

"मुगाएवढीच का? हवी तेवढी घे. माझ्या कातडीचे जोडे करून तुझ्या पायात घातले तरी तुझं फिटायचं नाही, ताई." आणि खिदळली. गुणी पोर हो, काय सांगू!

अनुयाच्या पेशी मेल्या नाहीत. खळीत पडल्या आणि फोफावल्या. छापलेली कातडी तळहाताएवढी झाली, आणि तिच्यावर सुरीने चीर दिली की दुसऱ्या दिवशी चीर गायब! उमाकांत सर पुन्हा बघू लागले, नुसते बघू नाही, पाठ थोपटू लागले. चित्राला आभाळ ठेंगणं झालं.

घरी अनुया म्हणाली, "झोपेत ओरबाडलं वाटतं गं मी स्वतःला." दंडावर लांबलचक चीर होती. चित्राने मलम लावलं आणि विसरून गेली.

पुढच्या वेळी ती चीर देत असताना खालच्या शेडमधलं कापायचं यंत्र अचानक सुरू झालं, टेबल हादरलं आणि सुरी घसरली. सरळ रेघेऐवजी टोकाशी फराटा असलेली चंद्रकोर उमटली. त्या संध्याकाळी अनुया पाठ दाखवायला आली, "इथे बघ ना, काय चावलंय?" पाठीवर चंद्रकोर होती. तीच, तेवढीच, टोकाशी तसाच फराटा.

आता तुम्हीच सांगा, सख्खी बहीण काय करील? सुरी गटारात फेकील. चित्रा न्हाणीघरात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडली, हे खरं आहे. पण मग तिने तोंड धुतलं, आणि तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. दोनदा झालं तो योगायोग असू शकतो. तीनदा झाल्याशिवाय कशालाच झालं म्हणायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. जळो ते शास्त्र!

तर ती या रविवारी निघाली होती ती तिसऱ्या वेळेसाठी. खाऊ घालणं हे निमित्त.

शेडला सुट्टी होती. वर फक्त उबवणीपेटीची घरघर आणि तिच्या दारातून येणारा कोमट, ओलसर वास. तान्ह्या मुलाच्या मानेच्या घडीला येतो तसा. चित्राने डबा बाहेर काढला. खिडकीबाहेर बघता बघता आभाळ पिवळं झालं, मग तपकिरी. आंधी आली होती. काचांवर वाळू चरचरू लागली, आणि भर दुपारी दिवा लावावा लागला.

तिने घरी फोन लावला. "अनू, काय करतेस?"

"पडलेय गं. बाहेर बघ काय झालंय. तू कधी येतेस?"

"येतेच. फोन ठेवू नकोस, असाच राहू दे जरा. इथे... एकटं वाटतंय."

"बरं," अनुया म्हणाली.

चित्राने फोन टेबलावर ठेवला आणि सुरी उचलली. या वेळी शंकेला जागा नको म्हणून त्रिकोण काढायचं ठरलं होतं. पहिली बाजू...

"आई गं!" फोनमधून आवाज आला.

चित्राचा हात थांबला. वाळू चरचरत होती. फोनवर अनुया धापा टाकत होती, "ताई... ताई, काहीतरी होतंय मला..." चित्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण अर्धवट आकृतीवरून काहीच सिद्ध होत नाही. तिने दुसरी बाजू ओढली. मग तिसरीही.

नंतर किती तरी वेळ फोनमधून बारीक हुंदके येत राहिले, आणि डब्यातली कातडी तिच्या डोळ्यांदेखत मिटत गेली. चीर भरत नव्हती. चीर निघून जात होती, आणि कुठे जात होती ते आता सिद्ध झालं होतं.

मागे दार वाजलं. उमाकांत सर होते, रुमालाने वाळू झटकत. "अरे वा, आज पण काम?"

"सर, हे थांबवायला हवं." चित्राने डब्याकडे बोट दाखवलं. "या पेशी... माझ्या बहिणीच्या आहेत. तिला लागतं. इथे कापलं की तिला लागतं, सर!"

सरांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. फोन अजून चालू होता. त्यांनी तो हात लांब करून बंद केला.

"परवानगी नव्हती घेतलीस ना? कुणाला बोलू नकोस हे. आणि तू थकली आहेस. नको असेल हा डबा तर दे, मी ब्लीचमध्ये टाकतो."

"नाही!" चित्राने डबा पोटाशी धरला. त्यातली कातडी मारता येणार नव्हती. आणि उपाशीही ठेवता येणार नव्हती, जन्मभर.

"बरं, राहू दे. तीनदा तेच आलं ना पण?"

"आलं."

"मग झालं तर. आपल्याकडे आलं ते ठीक, दुसऱ्यांकडेही आलं पाहिजे. नाही तर जग विश्वास कसा ठेवील? मी मागेच पाठवल्या या पेशींच्या कुप्या, चार ठिकाणी. एकांनी तर छापून कालच उंदराच्या पाठीवर शिवलीसुद्धा." सर हसले. "छान लागलीय म्हणतात."

चित्रा घरी पोचली तेव्हा वारा पडला होता आणि जिन्यापासून आतपर्यंत वाळू पसरली होती. त्या उकाड्यात अनुया अंगाखाली रजई घेऊन पालथी पडली होती. पाठीवर त्रिकोण होताच. त्याच्या खाली मात्र दुसरंच काहीतरी होतं. चौकोनी तुकड्याला चारी बाजूंनी घालावेत तसे बारीक टाके. दोरा नव्हता. नुसती भोकं, आणि ताणलेली कातडी. चित्राने असे टाके कधी घातले नव्हते. पण ज्याने घातले त्याचा हात सराईत होता.

"ताई..."

"बोल, सोन्या."

"फोन चालू होता. तुझा श्वास ऐकू येत होता मला." अनुयाचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी ओरडले तेव्हा तू थांबलीस. मग परत..."

चित्रा रजईवरची वाळू झटकत राहिली.

"तुझं होतं म्हणून सोसलं गं मी. पण हे खालचं तुझं नाहीये. मला कळतं. इथे हात ठेव... मी श्वास धरते."

अनुयाने श्वास रोखला. चित्राने टाक्यांच्या मधोमध तळहात ठेवला. हाताखाली काहीतरी श्वास घेत होतं. बारीक, भराभरा, घाबरलेला श्वास.

"उंदीर आहे," चित्राच्या तोंडून निघून गेलं.

अनुयाने मान वळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "मग... त्याचं पुढे काय करतात?"

चित्राला पक्कं ठाऊक होतं. अभ्यास संपला की उंदराची मान मोडतात, आणि पाठीचा तेवढा तुकडा कापून घेऊन त्याच्या पातळ पातळ चकत्या करतात. तिने स्वतः केल्या होत्या.

"सोडून देतात," ती म्हणाली.

हाताखालचा श्वास थांबला. अनुया श्वास घेत होती, चित्रा घेत होती, आणि ते तिसरं कान देऊन ऐकत असल्यासारखं गप्प होतं. मग त्याने पुन्हा सुरुवात केली, आधीपेक्षा कितीतरी जोरात. अनुयाचे डोळे मिटलेले होते. पण तिच्या दोन्ही हातांची नखं रजईत शिरली होती, आणि ती भराभर, भराभर खाली उकरू लागली होती.