जागची हलू नकोस

त्या दुपारी एडना टॅप्सेल रानात गेली ती कुंपण घालायला. कुंपण म्हणजे तारा-खांब नव्हेत. वाळक्या फांद्या एकमेकींत गुंतवून रचलेली कमरेएवढी आडकाठी. एप्रिल सरत आला की ससेक्समधल्या त्यांच्या गावामागचं रान निळंच निळं होऊन जायचं, आणि मग लंडनहून माणसं गाड्या भरभरून यायची. ब्लूबेलची निळी फुलं बघायला यायची हो, पण नुसत्या बघण्यावर कुणाचं भागतंय? कुणी पोराला फुलांत बसवून फोटो काढणार, कुणी कुत्रं मोकळं सोडणार, कुणी जवळची वाट म्हणून सरळ फुलांतून चालत सुटणार. फूल तोडलं तर एक वेळ चालतं, पण पान तुडवलं की खालचा कंद उपाशी मरतो आणि ती जागा वर्षानुवर्षं उजाड राहते. हे सांगून सांगून एडनाचं तोंड दुखायला लागलं होतं. गावात तिला 'हवालदारीण' म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

बरोबर नात होती, नेल. सहा वर्षांची, पिवळ्या रेनकोटातली. नेलची आई जेनेट दुसऱ्या बाळंतपणासाठी इस्पितळात होती आणि जाताना दहादा बजावून गेली होती, "आई, हिला नजरेआड करू नकोस हं." एडनाचा नवरा क्लिफ रानाच्या फाटकाशी गाडीत बसला होता. गुडघे धरले होते त्याचे. चहाचा थर्मास आणि वर्तमानपत्र मिळालं की तो खूश.

"आजी, फुलांत पाय दिला तर काय होतं?" नेलनं फांद्या ओढता ओढता विचारलं.

"फुलं मरतात."

"आणि पाय देणारा?"

"माझी आजी म्हणायची, ब्लूबेलमध्ये एकटं पोर शिरलं तर ते तिथलंच होऊन जातं."

"खरंच?"

"छे ग! पोरांना धाकात ठेवायला मारलेल्या थापा त्या." पण एडना तीच थाप दुसऱ्यांच्या पोरांना बिनदिक्कत मारायची, हे तिनं सांगितलं नाही.

तेवढ्यात वळणापलीकडून हसण्याचा आवाज आला. टोपीवाल्या एका गृहस्थानं बायकोला चक्क फुलांत आडवी केली होती आणि कॅमेरा डोळ्याला लावला होता. एडना तरातरा गेली.

"बाईसाहेब, घरचा सोफा वाटला का हा? उठा आधी!"

"अहो, एकच फोटो..."

"एकेक करूनच रान बोडकं होतं हो! तुम्ही जाल घरी, इथं मेलेलं निस्तरायचं कुणी?"

ती दोघं पुटपुटत निघून गेली. एडना स्वतःवर खूश होत परतली, तर फांद्यांच्या ढिगाशी नेल नव्हती.

पुढे-मागे वाट रिकामी होती. ऊन चांगलं लख्ख होतं, पण एक पाखरू बोलत नव्हतं. फुलांचा गोडसर वास मात्र असा दाटला होता की घशात येऊन बसावा. आणि मग तो पिवळा रेनकोट दिसला. वाटेपासून हाकेच्या अंतरावर, फुलांच्या अगदी मधोमध, नेल उभी होती. तोंड एडनाकडेच.

एडनाच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे, "जागची हलू नकोस! मी येईपर्यंत एक पाऊलही टाकायचं नाही, कळलं?"

"बरं, आजी."

आता ही आत गेली कुठून, ते एडना शोधू लागली. कोल्हा गेला तरी पानांवरून तिला कळायचं. मग पोराचा पाय कसा कळणार नाही? पण वाटेपासून नेलपर्यंत एक पान मुडपलेलं नव्हतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. त्या निळाईत कुठे सुरकुती म्हणून नव्हती. 

दुसरी कुणी असती तर सरळ धावत सुटली असती. पण एडना हवालदारीण ना! तिनं लांबची वाट धरली. हॉलीच्या काटेरी, दाट झुडपांमागून हरणांची जुनी पायवाट होती, ती तिथवर जायची. फुलं वाचली असती. झुडपांमागे नेल नजरेआड झाली, फार तर श्वास कोंडून ठेवता येतो तेवढाच वेळ.

झुडपं संपली, आणि समोर नुसती फुलं.

"नेल?"

मग मात्र एडना आत घुसली. जन्मात पहिल्यांदा. पायाखाली पानं कचाकचा चिरडत होती, बुटांवर चिकट रस चढत होता. "नेल... बाळा... हल ग, हल आता... ये माझ्याकडे..." पोर उभी होती त्या जागी पोचली, तर तिथला एकेक देठ जसाच्या तसा ताठ. हाका मारून मारून आवाज फुटेना तेव्हा ती फाटकाकडे पळत सुटली. जेनेटला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

"क्लिफ! नेल... अरे, नेल सापडत..."

"सापडत काय नाही?" क्लिफनं वर्तमानपत्र खाली केलं. "ही काय मागं बसलीय. कधीची आलीय! माझी बिस्किटं फस्त केली सगळी."

मागच्या सीटवर पिवळा रेनकोट. मांडीवर बिस्किटांचा चुरा.

 एडनानं दार उघडलं, पोरीला छातीशी कवटाळलं, हसली, रडली, पाठीत एक हलकासा धपाटाही घातला. "जीव घेतलास ग माझा! आलीस कशी इथं?"

"मी इथंच होते, आजी."

तेवढ्यात रानातून हाक आली. बारीक, पण अगदी स्वच्छ.

"आजी... आता हलू का?"

एडना गोठली. क्लिफ कानानं अधू, तो निवांतपणे थर्मासचं झाकण लावत होता.

"आजी... पाय दुखतायत... मी नाही हलले..."

आवाज नेलचाच, तो रडवेला सूरही तिचाच. एडनानं सावकाश मिठीतल्या पोरीकडे पाहिलं. पोरीचं चघळणं थांबलं होतं. तिनं एडनाच्या कानाशी तोंड नेलं.

"चल ना, आजी. ती नाही येणार. तूच सांगितलंस ना तिला."

क्लिफनं गाडी सुरू केली. एडना आत बसली. का बसली, हे तिनं पुढे स्वतःला हजारदा विचारलं. हातातलं मूल खरं मानायचं की रानातला आवाज? हात तर ऊबदार होते. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली, नुसती भीती.

त्या रात्री जेनेटला मुलगा झाला. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, काय जादू केलीस? नेल किती शहाणी झालीय! हट्ट नाही, रडणं नाही."

पुढच्या एप्रिलला एडना एकटीच रानात गेली. तिनं तुडवलेला पट्टा तपकिरी, उजाड पडला होता. त्याच्या टोकाशी, भर फुलांत, शेजारी शेजारी दोन लहान पावलं उमटलेली होती. पानं नुकतीच दबलेली, रस ओला. जवळपास दुसरं पाऊल नव्हतं. "हल ग बाळा, मी आलेय..." ती कितीतरी वेळ म्हणत राहिली.

तेव्हापासून ती दर वसंतात जाते. पावलं असतात. दर वर्षी वाटतं, मागच्यापेक्षा थोडी मोठी आहेत. पण नजरेचा काय भरवसा?

यंदा नेल मोठ्या शाळेत जाणार, म्हणून जेनेटनं तिला नवे बूट घेतले. एडनानं त्यातला एक गुपचूप पिशवीत घातला, रानात नेला, आणि त्या ओल्या खुणेवर ठेवला.

बूट तंतोतंत बसला.