हातउसनं

१९८३ सालच्या डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. थंडी कोरडी होती. स्वयंपाकघराची मागची भिंत पडून महिना झाला होता आणि बायको ताडपत्रीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवत होती. जुनं फर्निचर घ्यायचं, रंग खरवडायचा, पॉलिश करून विकायचं आणि त्यातून भिंत बांधायची, असं मी ठरवलं होतं. कुणापुढे हात पसरणं माझ्या रक्तात नाही.

"भिंतीआधी तुमचा ताठा पडायला हवा होता," बायको म्हणाली.

जुन्या सामानाच्या दुकानात एक सागवानी कपाट मिळालं. दुकानदाराचा उजवा हात मनगटापर्यंतच होता. माझ्याकडे थोडे पैसे कमी पडले.

"राहू द्या, मिस्त्री. हातउसनं समजा."

तो माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता. तिथे पटाशी लागल्याची जुनी, वाकडी खूण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उरलेले पैसे घेऊन गेलो. त्याने नोटांकडे पाहिलंही नाही.

"पैसे कुठे म्हणालो मी? हातउसनं म्हणालो."

मला थट्टा वाटली. पैसे गल्ल्यावर ठेवून निघालो.

घरी कपाटाचं दार बिजागऱ्यांतून सोडवून दोन स्टुलांवर आडवं टाकलं. रंगाचे चार थर निघाले. आतल्या अंगाला, लाकडातच, माणसाच्या हाताचा पंजा उमटला होता. डाग ठेवून माल विकणारा मी नाही. रंधा मारला. पंजा खोल गेला. पुन्हा मारला. आणखी खोल. टर्पेंटाइनच्या वासात ओल्या लोखंडाचा वास मिसळला. भर दुपार होती.

खोली किती ते बघायला मी त्यात उजवा हात ठेवला. बरोबर बसला.

मग लाकूड मिटलं.

आवाज आधी आला, कळ नंतर. बोटांची हाडं सुक्या काटक्यांसारखी एकेक करून फुटली. बायको धावत आली. तिने दारावर पाय रोवून मला ओढलं, फटीत पटाशी घातली. पटाशीचं पातं मोडलं. मनगट आत जायला लागलं.

"अहो... हे तुम्हाला आत घेतंय..."

"दंडाला दोरी आवळ. करवत घे."

"मी... मला नाही..."

"चालव."

तिने चालवली. हाडात अडकली तेव्हा मीच सांगितलं, "दाबू नकोस. करवत आपली आपण कापते." नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

मी सुटलो. दाराचं लाकूड सपाट होतं. पंजा नाही, रक्ताचा थेंब नाही.

महिन्याने दुकानदार हातगाडी घेऊन आला. भिंत उभी राहील एवढे पैसे त्याने उंबऱ्यावर ठेवले. मग दोन्ही हातांनी कपाट उचललं. उजव्या अंगठ्यावर पटाशीची वाकडी खूण होती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

उसनं फिटलं.