स्पर्शदालनातील चेहरा

निशातगंजच्या मागच्या गल्लीत आमचे छोटे कलासंग्रहालय आहे. मी संशोधनसंस्थेतून निवृत्त झालो, पत्नी पद्मिनी देवाघरी गेली, आणि तेथील विश्वस्तपण तेवढे हाती उरले.

संग्रहालयात एक दालन अंधांसाठी राखलेले होते. दारापासून भिंतीच्या कडेने दोर बांधलेला. तो धरून चालत गेले की शेवटी भाजलेल्या मातीचा, एका स्त्रीचा चेहरा हाताला लागे. आधी कपाळ, मग पापण्या, मग नाक, अशा क्रमाने तो पाहावा, असे शिकवले जाई. शेजारच्या अंधशाळेतील मुली वर्षानुवर्षे येत. त्यांच्या बोटांनी त्या चेहऱ्याचे नाक झिजून सपाट झाले होते. पुढे शाळा दूर तेलीबागेकडे हलली. दोर लोंबत राहिला.

गेल्या जानेवारीत विश्वस्तांनी ठरवले, की येथे कोणी येत नाही; चेहऱ्यावर काच बसवावी आणि दालन चित्रविक्रीसाठी भाड्याने द्यावे. मीही हात वर केला.

संग्रहालय सांभाळणारी हिमानी येथे हिंदी मुलखातच वाढलेली. तिला मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते.

"काका, काँच में ही रखना है तो मछली पाल लेते हैं," ती म्हणाली. मग हळूच, "वैसे एक बात है. पूरे कमरे में धूल जमती है. इस चेहरे पर नहीं."

मी ते हसण्यावारी नेले.

दुपार होती, पण धुक्याने खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. हिमानी स्क्रू आणायला हजरतगंजच्या बाजारात गेली. मी काचेची पेटी चेहऱ्यावर ठेवली. तोच ओल्या मातीचा वास आला. भाजलेल्या मातीला तसा वास येत नाही.

मग दोर ताणला गेला.

दाराकडून माझ्याकडे, हळूहळू... कोणी हात सरकवत यावे तसा. भिंतीलगत अनवाणी पावले वाजली. मी रामरक्षा सुरू केली. पावले पेटीपाशी थांबली आणि काचेवर तळवे फिरू लागले. वर, खाली, कडेने. त्यात राग नव्हता. स्वतःच्या घराचे दार न सापडलेल्या माणसाचे ते चाचपडणे होते. राग असता तर मी कमी भ्यालो असतो.

काचेवरचा आवाज थांबला.

माझ्या कपाळावर गार बोटे टेकली. मग पापण्यांवर. मग नाकावर... रामरक्षेतला पुढचा शब्द आठवेना. पद्मिनी गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कोणी हात लावला नव्हता. मी मान मागे घेतली नाही.

हिमानी परतली आणि दारातच थबकली.

"काका... चेहरे पर ये मिट्टी?"

मी पेटी उतरवली. पुढच्या सभेत विश्वस्तांशी भांडलो आणि दालन राखले. आपल्याला दिसला नाही म्हणून कोणी आलेच नाही, असे ठरवणे हा डोळसांचा उद्दामपणा आहे. देव त्याबद्दल क्षमा करो.

पण हिमानी म्हणते, मातीच्या त्या चेहऱ्यावर आता धूळ बसते. रोज पुसावा लागतो.

आणि माझा चष्मा नाकावर ठरत नाही. दुकानदाराने दोनदा काड्या आवळून दिल्या. तिसऱ्यांदा त्याने चष्म्याकडे पाहिलेच नाही. माझ्या नाकाकडे पाहिले, आणि चष्मा परत केला.